नाक-घशाचा कर्करोग आणि आपलं काम: धोका ओळखायचा कसा, नोंदवायचा कसा

बाबांच्या केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात 'निवृत्त' एवढाच शब्द होता. ज्या माणसाने उभं आयुष्य फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय घासण्यात घालवलं, त्याच्या नाकात गाठ निघते आणि फाइलमध्ये लाकडाचा साधा उल्लेखही नाही. ती माहिती नंतर जुने कागद, जुने सहकारी आणि बाबांची आठवण यांतून खणून काढावी लागली. त्या खटाटोपात जे कळलं ते इथे क्रमाने मांडते आहे. तुम्ही स्वतः धुळीत, वाफेत किंवा ॲसिडजवळ काम करत असाल, किंवा घरातलं कुणी करत असेल, तर पहिल्या चार पायऱ्या आजार नसतानाच उरकून ठेवा.

घाबरण्याआधी एक गोष्ट. नाकाचा आणि सायनसचा कर्करोग मुळात दुर्मीळ आहे. बहुतेक देशांत वर्षाकाठी लाखात एकाहूनही कमी लोकांना होतो. त्यामुळे 'धोका कित्येक पटींनी वाढतो' असं कुठे वाचलंत तर ती पट एका छोट्या आकड्याची आहे हे लक्षात असू द्या. तरीही या आजारात कामाच्या जागेचा वाटा इतर बहुतेक कर्करोगांपेक्षा मोठा आहे, आणि तो बऱ्याच अंशी टाळता येतो.

## १. 'घसा' म्हणजे नेमकी कुठली जागा, हे आधी समजून घ्या

बोलताना आपण सगळ्यालाच नाक-घसा म्हणतो. पण कामाचा धोका जागेप्रमाणे बदलतो, म्हणून तीन भाग वेगळे धरा.

पहिला भाग नाकाची पोकळी आणि तिच्या आजूबाजूचे सायनस. इथला मोठा गुन्हेगार लाकडाची बारीक धूळ. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात एस्मे हॅडफील्ड या कान-नाक-घसा शल्यविशारद बाईंच्या लक्षात आलं की एरवी क्वचित दिसणारा नाकाचा कर्करोग इथल्या कारागिरांत वारंवार दिसतोय. पुढे डोनल्ड ॲचेसन यांच्यासोबत केलेल्या अभ्यासातून ते आकड्यांनिशी सिद्ध झालं. १९७० मध्ये नॉर्दम्प्टनशरच्या बूट-कामगारांबद्दलही तसंच आढळलं; तिथे कारण चामड्याची धूळ. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था, आयएआरसी, हिने १९९५ मध्ये लाकडाची धूळ 'माणसात कर्करोग करते हे निश्चित' अशा पहिल्या गटात टाकली. चामड्याची धूळ आणि निकेलची संयुगंही त्याच गटात आहेत. वेल्समधल्या क्लायडॅकच्या निकेल शुद्धीकरण कारखान्यात १९३० च्या आधी लागलेल्या कामगारांमध्ये नाकाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं होतं. घड्याळाच्या तबकडीवर रेडियमचा चमकणारा रंग लावणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी जुळवत. त्यांच्यातल्या काहींना कित्येक वर्षांनी सायनसचा कर्करोग झाला, कारण पोटात गेलेलं रेडियम हाडांत बसतं आणि त्यातून निघणारा किरणोत्सर्गी वायू सायनसच्या बंद पोकळीत साठत राहतो. हा धंदा आता संपला, पण कामाची एक साधी लकब किती महागात पडू शकते ते यातून दिसतं.

दुसरा भाग नाकाच्या मागे, घशाच्या अगदी वरच्या टोकाला. इथे फॉर्माल्डिहाइडचं नाव येतं. हा वायू पाण्यात पटकन विरघळतो, म्हणून फुप्फुसापर्यंत पोचण्याआधीच नाकातल्या ओलाव्यात शोषला जातो. २००४ मध्ये आयएआरसीने त्याला पहिल्या गटात घेतलं ते मुख्यतः याच जागेच्या कर्करोगामुळे. या कर्करोगात एपस्टाइन-बार विषाणूचाही मोठा हात असतो, तेव्हा काम हे एकमेव कारण धरू नका.

तिसरा भाग स्वरयंत्र. इथे दोन गोष्टी पक्क्या आहेत: ॲस्बेस्टॉस, आणि सल्फ्युरिक ॲसिडसारख्या तीव्र आम्लांचे हवेत उडणारे तुषार. आम्ल-तुषारांबद्दलचा निष्कर्ष १९९२ सालचा आहे.

शिक्षक, गायक, फेरीवाले नेहमी विचारतात म्हणून सांगते: आवाजावर ताण आल्याने स्वरतंतूंवर गाठी येतात, आवाज घोगरा होतो, पण त्या गाठी कर्करोगाच्या नसतात आणि नुसत्या बोलण्याने कर्करोग होत नाही.

## २. पदनाम सोडा, हाताने केलेलं काम लिहा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच टाळतात. 'हेल्पर', 'ऑपरेटर', 'सुपरवायझर' या शब्दांतून डॉक्टरला काहीही कळत नाही. त्याच कारखान्यात एक हेल्पर बिलं लावतो आणि दुसरा धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या पिशव्या झटकतो. दोघांच्या नाकात जाणाऱ्या हवेत जमीन-अस्मानाचा फरक.

वही घ्या आणि पहिल्या नोकरीपासून सुरुवात करा. शाळा सोडल्यावर सुट्टीत केलेलं काम, घरच्या घरी केलेला जोडधंदा, ठेकेदाराकडची हंगामी कामं, सगळं. लाकडाच्या धुळीतून होणारा कर्करोग दिसायला सरासरी चाळीसेक वर्षं लागतात. म्हणजे सत्तरीतल्या माणसाच्या गाठीचं मूळ त्याच्या तिशीत किंवा त्याही आधी असू शकतं, आणि 'आता तर मी ऑफिसात बसतो' या उत्तराला काही अर्थ राहत नाही.

नमुन्याला एक नोंद देते:

'१९७९ ते १९८८. पद: हेल्पर. काम: बीच आणि ओकच्या खुर्च्यांचे पाय बेल्ट सँडरवर घासणे, दिवसातले सहा-सात तास. सँडरला धूळ ओढणारी नळी नव्हती. शेजारच्या टेबलावर एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) कापलं जायचं. सुट्टी व्हायच्या आधी कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे आणि मशीन साफ करायचो. मास्क नाही, रुमाल बांधायचो. नाक शिंकरल्यावर तपकिरी निघायचं.'

यात काय काय आलं बघा: वर्षं, पदार्थ, क्रिया, तास, शेजारचं काम, साफसफाईची पद्धत, संरक्षण आणि शरीरावरची खूण. प्रत्येक नोकरीसाठी या आठ गोष्टी. शेजारचं काम विसरू नका, कारण हवा टेबल ओळखत नाही. साफसफाईची पद्धत तर हमखास सुटते. दिवसभराच्या कामापेक्षा शेवटच्या अर्ध्या तासातल्या कॉम्प्रेसरच्या हवेने जास्त धूळ नाकात गेलेली असू शकते.

आठवत नसेल तर थेट प्रश्न विचारू नका. 'कुठलं लाकूड होतं?' असं विचारलं की बाबा खांदे उडवायचे. 'त्याला वास कसा यायचा, रंग कसा होता, माल कुठे जायचा?' असं विचारलं की बोलत सुटायचे. जुन्या सहकाऱ्याला शेजारी बसवलं तर आणखीच सोपं.

या कामांत असाल तर नोंद जास्त बारकाईने करा:

- सुतारकाम, फर्निचर, लाकूड गिरणी, प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, जमिनीचं लाकडी पार्केट घासणे
- बूट-चपलांचे सोल आणि कडा घासणे, चामडं कापणे
- निकेल शुद्धीकरण आणि निकेलची संयुगं बनवणे
- शवविच्छेदन, शरीररचना आणि पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळा, मृतदेह टिकवण्याचं काम, रेझिन बनवणे, फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यात बसवायचे रेझिनचे कोअर (गाभे)
- लेड-ॲसिड बॅटऱ्या चार्ज करणे, लोखंड ॲसिडच्या टाकीत बुडवून साफ करणे, गॅल्व्हनायझिंग, फॉस्फेट खत
- बॉयलर आणि पाइपवरचं जुनं आवरण काढणे, जहाजदुरुस्ती, ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापणे किंवा जुन्या इमारती पाडणे

यादीत तुमचं काम नाही म्हणजे सुटलात असं नाही. या सगळ्या ठिकाणी झाडू मारणारे, मशीन दुरुस्त करणारे आणि फिल्टर बदलणारे लोक असतात. त्यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं आणि धूळ मात्र त्यांच्याच वाट्याला सगळ्यात जास्त येते.

## ३. पदार्थाचं खरं नाव शोधा

डब्यावर 'बाइंडर', 'हार्डनर', 'प्रिझर्व्हेटिव्ह' असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका, त्या मालाची सेफ्टी डेटा शीट मागा. ती पुरवठादाराकडे असते. १६ भागांचा कागद असतो. सगळा वाचायची गरज नाही. भाग २ मध्ये धोका, भाग ३ मध्ये घटक, भाग ८ मध्ये कुठला मास्क आणि किती मर्यादा, आणि भाग ११ मध्ये शरीरावरचे परिणाम. भाग २ मध्ये एच३५० हा संकेतांक दिसला तर अर्थ सरळ आहे: कर्करोग होऊ शकतो. एच३५१ म्हणजे तसा संशय आहे. डब्यावर माणसाच्या छातीवर चांदणी फुटल्यासारखं चित्र असेल तर दीर्घकाळच्या गंभीर परिणामांचा तो इशारा.

फॉर्माल्डिहाइड अनेक नावांनी फिरतं: फॉर्मालिन, मिथेनाल. नावावर शंका असेल तर त्याचा सीएएस क्रमांक, म्हणजे रसायनाचा ओळख-क्रमांक, ५०-००-० शोधा. जगभर तोच चालतो.

इथे एक सापळा आहे. लाकडाच्या फळीबरोबर बहुतेकदा असा कागद येतच नाही, आणि आला तरी त्यात फळीबद्दल लिहिलेलं असतं, ती कापल्यावर उडणाऱ्या धुळीबद्दल नाही. कागदावर काही नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डच्या बाबतीत तर लाकडाची धूळ आहेच, शिवाय बोर्ड चिकटवायला बहुधा फॉर्माल्डिहाइडचंच रेझिन वापरलेलं असतं.

'आमचं लाकूड परदेशी ओक-बीच नाही' हा युक्तिवादही मी ऐकला आहे. सगळ्यात भक्कम पुरावा ओक आणि बीचचा आहे हे खरं, पण आयएआरसीने लाकडाची धूळ सरसकट पहिल्या गटात ठेवली आहे. रुंद पानांच्या झाडांच्या त्यांच्या यादीत सागवान आणि महोगनीही आहेत.

## ४. धूळ डोळ्यांनी बघा

सगळ्यात घातक धूळ नेहमीच्या उजेडात दिसत नाही. जमिनीवर साचणारा भुसा दिसतो, पण तो जड असतो आणि खाली बसतो. नाकाच्या आत अडकते ती घासकामाची पिठासारखी बारीक धूळ.

एक जोरदार टॉर्च घ्या. काम चालू असताना मोठे दिवे मालवा, फक्त सुरक्षितपणे काम करता येईल एवढा उजेड ठेवा. सहकाऱ्याच्या हाताजवळून टॉर्चचा झोत आडवा जाऊ द्या आणि तुम्ही झोताच्या समोरच्या बाजूला, जरा तिरपे उभे राहून बघा; थेट दिव्यात डोळे घालू नका. एरवी 'स्वच्छ' वाटणाऱ्या हवेत धुराचे लोट दिसतील आणि ते थेट माणसाच्या तोंडाकडे जाताना दिसतील. मोबाइलवर त्याचं चित्रण करून ठेवा. मालकाशी बोलताना दहा अर्जांपेक्षा ते जास्त कामाला येतं.

वायूच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, आणि नाकावरही भरवसा नको. फॉर्माल्डिहाइडच्या वासाची नाकाला सवय होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं होत नाही. त्याची मोजणीच करून घ्यावी लागते. तुलनेसाठी सांगते, अमेरिकेत आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा ०.७५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आहे आणि युरोपीय संघात ०.३. लाकडाच्या धुळीसाठी युरोपीय संघात रुंद पानांच्या लाकडाला घनमीटरमागे २ मिलिग्रॅम.

शरीरही थोडंफार सांगतं. बॅटरी आणि ॲसिडच्या टाक्यांजवळ काम करणाऱ्यांच्या पुढच्या दातांच्या कडा झिजतात. क्रोम प्लेटिंगवाल्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडू शकतं. हे कर्करोग नव्हेत. पण हवेत काय आहे त्याची ती पावती आहे आणि ती नोंदीत यायला हवी.

## ५. तंबाखू आणि दारू लपवू नका

स्वरयंत्राच्या कर्करोगाचं मोठं कारण तंबाखू आणि दारू आहे, आणि दोन्ही एकत्र असतील तर धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. घशाच्या मधल्या भागात, टॉन्सिलजवळ, एचपीव्ही या विषाणूचाही हात असतो. हे सगळं डॉक्टरला खरं सांगा.

उलट बाजूचा सापळाही ओळखा. 'तुम्ही सिगारेट ओढता ना, मग कामाचा काय संबंध' असं म्हणून विषय मिटवला जातो. असं नसतं. एकाच माणसात दोन कारणं असू शकतात. आणि लाकडाच्या धुळीशी जोडलेला जो ठरावीक प्रकार आहे, ॲडेनोकार्सिनोमा, त्यात धूम्रपानाचा वाटा मुख्य नसतो.

## ६. केव्हा थांबायचं नाही

या कर्करोगांसाठी धडधाकट माणसाने दरवर्षी करावी अशी कुठलीही सिद्ध झालेली रक्ततपासणी नाही. कुणी तसं पॅकेज विकत असेल तर पैसे वाचवा. लक्ष लक्षणांवर ठेवा.

नाकाच्या बाबतीत कळीचा शब्द 'एकाच बाजूला'. सर्दीने बहुधा दोन्ही नाकपुड्या चोंदतात. एकच नाकपुडी आठवडेच्या आठवडे बंद, त्याच बाजूने रक्ताळलेला स्राव, त्याच बाजूचा घोळणा पुन्हा पुन्हा फुटणं, गाल बधिर होणं, वरचे दात हलणं, डोळ्यातून सतत पाणी किंवा एकाचं दोन दिसणं: यातलं काहीही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. मोठ्या माणसाच्या एकाच कानात दडा बसून राहिला असेल तर नाकाच्या मागची जागा बघायला सांगा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला, गिळताना अडकणं, मानेत न दुखणारी गाठ, घशात काही नसताना एकाच कानात कळ, हीसुद्धा तितकीच महत्त्वाची.

धुळीत काम करणाऱ्यांचं नाक कायमच चोंदलेलं असतं, म्हणून ते 'नेहमीचंच' म्हणून सोडून देतात. पूर्वी दोन्ही बाजूंनी चोंदायचं आणि आता एकाच बाजूने चोंदतं, हा बदल नेहमीचा नाही.

## ७. डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं

- दुसऱ्या पायरीतली वही, आणि तिचा एका पानाचा गोषवारा
- वापरलेल्या मालाच्या सेफ्टी डेटा शीट किंवा निदान डब्यांचे फोटो
- नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या, ओळखपत्र. नोकरीची वर्षं सिद्ध करणारं काहीही
- हवेच्या मोजणीचे किंवा कारखान्यातल्या वैद्यकीय तपासणीचे अहवाल असतील तर
- आधीचे एक्स-रे, सीटी, नाकाच्या शस्त्रक्रियेचे कागद

जाडजूड फाइल पाहून डॉक्टर ती बाजूला ठेवतात. गोषवाऱ्याचं एकच पान हातात द्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा: 'मी इतकी वर्षं लाकडाच्या धुळीत काम केलंय, आणि उजवं नाक दोन महिने बंद आहे.' ते वाक्य केसपेपरवर लिहिलं गेलं का, ते बघूनच उठा.

पुढे साधारणपणे नाकात किंवा घशात दुर्बीण घालून बघतात. शंका आली तर सीटी आणि एमआरआय, आणि तुकडा काढून तपासणी. दुर्बिणीला लोक उगाच घाबरतात. आधी नाकात बधिर करणारं औषध मारतात, चुरचुरतं, डोळ्यांत पाणी येतं आणि काही मिनिटांत संपतं.

## ८. कामाच्या जागी काय बदलायला लावायचं

मास्कपासून सुरुवात करू नका. मास्क हा शेवटचा उपाय आहे, मालकाला तो सगळ्यात स्वस्त पडतो म्हणून पहिला दिला जातो. आधी हे मागा: धूळ जिथे उडते तिथेच ओढून घेणारी नळी, ॲसिडच्या टाकीवर झाकण आणि कडेने हवा ओढणारी व्यवस्था, फॉर्मालिनच्या जागी दुसरं द्रावण चालत असेल तर ते. झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा बंद, त्याऐवजी बारीक धुळीचा फिल्टर असलेला व्हॅक्यूम. कामाचे कपडे कामावरच राहू देत.

एवढं करूनही मास्क लागलाच तर योग्य तो निवडा. एन-९५ किंवा एफएफपी २ धुळीला चालतो. फॉर्माल्डिहाइडच्या वायूला तो अडवत नाही, त्याला वायूचं काडतूस असलेला मास्क लागतो. ॲस्बेस्टॉससाठी साधा मास्क पुरत नाही आणि ते काम प्रशिक्षित लोकांनीच करायचं असतं. दाढी असेल तर घट्ट बसणारा मास्कही फटीतून गळतो. रुमाल म्हणजे निव्वळ समाधान. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यावर बरं वाटतं, जरूर धुवा, पण नळीच्या जागी ते धरू नका.

## ९. निदान झालंच तर

बायॉप्सीच्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीच्या, अहवालाची प्रत हातात घ्या आणि त्यात गाठीचा प्रकार नीट लिहिला आहे ना ते पाहा. नुसतं 'कर्करोग' पुरेसं नाही. जर्मनी आणि फ्रान्समध्ये लाकडाच्या धुळीमुळे झालेला नाकाचा कर्करोग व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य आहे, आणि गाठ ॲडेनोकार्सिनोमा असेल तर कामाशी असलेला संबंध दाखवणं बरंच सोपं जातं. तुमच्याकडे काय नियम आहे ते कामगार संघटनेला किंवा व्यवसायजन्य आजारांच्या डॉक्टरला विचारा, आणि ते लगेच विचारा. भरपाईच्या दाव्याला बहुतेक ठिकाणी मुदत असते.

कारखान्याकडून जुन्या नोंदी लेखी अर्ज करून मागा, तोंडी नको. अमेरिकेत कामगाराचे वैद्यकीय कागद नोकरी संपल्यावरही ३० वर्षं जपून ठेवण्याचा नियम आहे. सगळीकडे तसा नाही, आणि कंपनी बंद झाली की कागद रद्दीत जातात. तेव्हा तुमच्यासोबत त्याच खात्यात असलेल्या दोघा-तिघांकडून कामाचं वर्णन लिहून, सही आणि तारखेसह घेऊन ठेवा. त्यांनाही त्यांच्या नाकाबद्दल विचारा.